मारुती कांबळे ते नारायण कांबळे: 'सामना' की 'कोर्ट'?

दुसरा_चहा
शनिवारी 'सामना' हा सिनेमा (कितव्यांदा, मोजलं नाही) आणि रविवारी 'कोर्ट' पहिल्यांदाच पाहिला. माझं मत सरळ सांगतो: 'सामना' थोर आहे, पण आज तो मला भाबडा वाटला. 'मारुती कांबळेचं काय झालं?' एवढं एक दारुडा मास्तर चिवटपणे विचारत राहतो आणि हिंदुराव धोंडे पाटलाचं साम्राज्य हलतं. 'कोर्ट'मध्ये प्रश्न विचारणारा शाहीर नारायण कांबळेच आरोपी. का, तर त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने म्हणे आत्महत्या केली! हे आजच्या जास्त जवळचं आहे.

जुनं_ते_सोनं
भाबडा? तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोरासमोर हिंदुराव झालेले निळूभाऊ फुले आणि मास्तर झालेले डॉ. लागू. 1975 साली बर्लिनच्या स्पर्धेत गेलेला सिनेमा आहे हा. निळूभाऊ मास्तरला ज्या अदबीने वागवतात ना, त्या अदबीचीच भीती वाटते. 'कोर्ट'मध्ये कॅमेरा एका जागी ठोकून ठेवलाय आणि माणसं कागद वाचतात. मी अर्ध्या तासात झोपलो.

दुसरा_चहा
झोपलात? शेवटी न्यायाधीशही बाकावर झोपतोच. सिनेमा पोचला म्हणायचा :)

रात्रपाळी
विनोद जाऊ द्या. मृत कामगाराच्या बायकोची साक्ष आठवा. तो आधी गटारात खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर खाली हवा आहे, मग उतरायचं. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. हे ती बाई भाजीचा भाव सांगावा तशी सांगते. पार्श्वसंगीत नाही, रडणं नाही. तिथं कॅमेरा हलला असता तर मला राग आला असता.

जुनं_ते_सोनं
तो प्रसंग मान्य. पण खलनायक कुठाय? गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, नाटक बघते. न्यायाधीश सहलीला जातो. सगळेच साधे, तर दोष कुणाचा? दिग्दर्शकाने हात झटकलेत. हिंदुरावाला निदान चेहरा आहे.

तारीख_पे_तारीख
वीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, म्हणून बोलतो. चेहरा नसतो हो. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतो, ते बघून आमची ही म्हणाली, 'हे जरा अतीच.' मी गप्प बसलो. ती वकील 1876 चा नाट्यप्रयोग कायदा वाचते तेव्हा तिच्या मनात शाहिराबद्दल राग नाहीच. तिला घरी जाऊन भात टाकायचाय.

रात्रपाळी
आणि तीच बाई परप्रांतीयांना हुसकावणाऱ्या नाटकाला टाळ्यांच्या गर्दीत बसते. हात झटकलेत कसे म्हणता?

जुनं_ते_सोनं
बरं, पुन्हा बघतो, दुपारी, जेवणाआधी. पण तुम्हीही 'सामना'तलं 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' हे गाणं डोळे मिटून ऐका आणि मग भाबडा म्हणा.

दुसरा_चहा
ऐकलं आत्ताच. 'भाबडा' मागे घेतो. 'आशावादी' चालेल?

जुनं_ते_सोनं
नाही.