जून आला की घर मोडतंय: वर्षाचे १,८२,४०० आणि पाच माणसं

वडगावची वैनी

तीन दिवस वहीत आकडे मांडते आणि खोडते. शेवटी इथं विचारते.

आम्ही बेळगावच्या वडगावात भाड्यानं राहतो. हे दुसऱ्यांच्या मागावर साड्या विणतात, मजुरी साडीमागं. माग चालू असला की आठवड्याला ३,२०० हातात येतात. खरं वर्षातले दहा आठवडे तरी माग बंद असतो. कधी सूत नाही, कधी माल उठत नाही, आणि पावसात तर हमखास. म्हणून ४२ आठवडेच धरले, १,३४,४००. माझ्या फॉल-पिकोचे महिन्याला २,०००. कर्नाटक सरकार घरातल्या कर्त्या बाईला देतं ते गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० सासूबाईंच्या खात्यावर येतात. सगळे मिळून वर्षाचे १,८२,४००. खाणारी तोंडं पाच. मुलगी नववीत, मुलगा सहावीत.

घरभाडं महिन्याला ३,५००. टीव्हीचा रिचार्ज बंद केला, यांनी तंबाखू सोडली. रेशनचा तांदूळ मिळतो, पण मुलं तो भात खात नाहीत, म्हणून दुकानातलं २५ किलोचं पोतं घेते, १,३५० ला. रेशनचा निम्मा तसाच पडून राहतो. दारावर विकत घेणारे येतात, त्यांना अजून दिलेला नाही.

गेल्या जूनमध्ये माग बंद आणि शाळा सुरू. मुलीची फी, दोघांच्या वह्या, दप्तर, रेनकोट मिळून ६,८०० झाले. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, पुढं गणपती. बायकांच्या गटातून ३०,००० कर्ज काढलं. आठवड्याला ६५०, असे ५२ हप्ते. अजून १९ राहिलेत, म्हणजे हप्ते संपायच्या आत परत जून येणार. परत कर्ज काढायचं नाही असं मी आणि ह्यांनी ठरवलंय. माझं नेमकं कुठं चुकतंय ते कुणी सांगाल का?

---

हिंडलग्याचा अण्णा

वैनी, दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो.

मे महिन्याच्या शेवटी बँक खात्यात ४५६ रुपये राहतील असं बघा. जीवन ज्योती आयुर्विम्याचे ४३६ आणि अपघाताच्या सुरक्षा विम्याचे २० तेव्हाच कापून जातात. यजमानांच्या नावावर दोन्ही नसतील तर आधी ते करा, घराची मुख्य कमाई त्यांचीच आहे.

विजेचं, मागच्या सरासरीवर ठरवून दिलेल्या युनिटपर्यंत राज्याच्या गृहज्योती योजनेत फुकट बसतं, भाडेकरूंनाही. मात्र २०० च्या वर गेलात तर त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून इस्त्री आणि पंखा लावून ठेवू नका.

कर्जाचं म्हणाल तर घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तुमचा हप्ता त्याच्या बराच आत आहे. कुणी दारात येऊन दमदाटी केली तर घाबरू नका, राज्यानं २०२५ च्या फेब्रुवारीत त्याविरुद्ध वटहुकूम काढला होता. पोलिसांत तक्रार देता येते.

---

शिवारातली काकू

पोरी, तू बारा महिन्यांची बारा पानं सारखी आखलीस. आपल्या घरांना बारा महिने सारखे नसतात गं. तुझ्या महिन्याच्या खर्चात मला एक तांदूळ सोडला तर काही वाया जाताना दिसत नाही. तुला मोडतो तो वर्षाचा खर्च, जो महिन्याच्या पानावर कुठंच लिहिलेला नसतो.

मी येळ्ळूरच्या शेजारच्या गावची. आमचे हे २००९ साली गेले. दोन पोरं, वाट्यानं केलेली वीस गुंठे आणि कापणी-भांगलणीची मजुरी, एवढ्यावर घर चालवलं. तेव्हापासून माझी एक वही आहे, पाडव्यापासून पाडव्यापर्यंतची. तिच्यात चहा-साखर लिहीत नाही. फक्त वर्षातनं एकदा येणारा खर्च लिहिते. तुझ्यासाठी मांडून बघितलं: जूनची शाळा ७,०००, गणपती ५,०००, दिवाळी ५,०००, सुगीचं धान्य आणि चटणीची मिरची १२,०००, दवाखाना ४,०००, लग्नाचे आहेर आणि येणंजाणं ३,०००. झाले ३६,०००. हे ३६,००० तू कुठंच धरले नव्हतेस. ते येणार हे मात्र दरवर्षी ठरलेलं.

आता ते कुठनं आणायचे? गृहलक्ष्मीचे पैसे महिन्याच्या किराण्यात घालू नकोस. त्या पैशांची तारीख आपल्या हातात नाही, मग तारखेच्या खर्चाला ते का बांधायचे? भाडं, किराणा मजुरीतनं. गृहलक्ष्मी पूर्ण वर्षाच्या वहीला. सासूबाईंना समजावून सांग, त्यांच्या खात्यातच राहू दे, त्यांनाही बरं वाटेल की नातीच्या शाळेचे पैसे आपण राखलेत. ते झाले २४,०००. उरले १२,०००. माग चालू असेल त्या दिवशी ५० रुपयांची पिग्मी, म्हणजे रोजची थोडी बचत, लाव. आठवड्याचे सहा दिवस, ४२ आठवडे, १२,६०० होतात. पिग्मीवाला दारात येतो हेच तिचं बळ आहे. बँकेत जाऊन ५० रुपये भरायला कुणी जात नाही. सिंडिकेट बँकेनं १९२८ साली आपल्यासारख्या रोजंदारीच्या लोकांसाठीच पिग्मी काढली होती. खातं बँकेत किंवा माहितीच्या सोसायटीत उघड, आणि प्रत्येक वेळी पावती घे.

हप्ते चालू आहेत तोवर ५० जमणार नाहीत, २० नं सुरू कर. शेवटचा हप्ता भरला त्याच्या पुढच्या आठवड्यापासून ते ६५० पिग्मीतच जाऊ देत. एक आठवडासुद्धा मधे सोडू नकोस, हात सैल व्हायला तेवढा पुरतो.

यंदाच्या जूनचं सांगते. आजपासून मेपर्यंत गृहलक्ष्मीचे चार महिने, ८,०००. शाळेचे ६,८०० त्यात बसले. कर्ज नको.

पण दोन हजार काढले की महिन्याच्या किराण्याला भोक पडणार, ते मला दिसतंय. म्हणून तांदळाकडे येते. ते २५ किलोचं पोतं बंद कर. रेशनचा तांदूळ अर्धा तास भिजत घाल. तीन वाट्या रेशनचा, एक वाटी इंद्रायणी. इंद्रायणी चिकट असते, तिचा वास सगळ्या भाताला लागतो आणि फडफडीत भात बांधला जातो. माझी पोरं याच भातावर वाढली. भिजताना काही दाणे वर तरंगतात ते फेकू नकोस. लोक त्याला प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणतात, तसं नाही. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून केलेले ते दाणे असतात, वाढत्या पोरीला तेच पाहिजेत. पडून राहिलेल्या तांदळातला थोडा दळून आण, जोंधळ्याच्या पिठात मिसळून भाकरी कर. थोडा इडलीला भिजव. दारावर येणाऱ्याला देऊ नकोस. तो देईल ते पैसे संध्याकाळपर्यंत राहत नाहीत, आणि रेशन विकणं गुन्हा आहे.

महिन्याला १२ किलो इंद्रायणी धरली तरी सहा-सातशे रुपये तिथंच वाचतात. बाकीचे तेराशे एका जागी सापडायचे नाहीत, खोटं कशाला बोलू. डाळ आणि तिखट पुड्यांनी आणायचं थांबलं की त्यातले बरेच निघतील. आता मसूर निघालाय. भात कापून झाल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर येणारा आपल्या शिवारातला बारका मसूर, तो एकदम १५ किलो घे, उन्हं दाखव, डब्यात कडुनिंबाचा पाला घाल. मिरची मार्चमध्ये. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. वर्षाची चटणी एकदाच कांडून ठेव.

---

चंदगडची लेक

काकूंनी येण्याजाण्याचा खर्च धरलाय, म्हणून माहेर महाराष्ट्रात चंदगडकडे असलेल्यांसाठी एक. बेळगावातून हद्दीवरच्या बाचीपर्यंत आपल्या कर्नाटकच्या साध्या बसनं यायचं, बायकांना २०२३ च्या जूनपासून तिकीट नाही. आधार कार्डावर पत्ता कर्नाटकातला पाहिजे. पुढं शिनोळीतून महाराष्ट्राची एसटी धरायची, बायकांना अर्धं तिकीट. थेट गाडीत बसलं तर हद्द ओलांडणाऱ्या बसला फुकट चालत नाही. मी सासूबाईंना घेऊन असंच जाते. मधे थोडं चालावं लागतं, पिशव्या कमी न्या.

---

वडगावची वैनी

काकू, तुमचं वाचून रडू आलं, कारण ते ३६,००० खरंच कुठं लिहिलेच नव्हते. रात्री ह्यांना वाचून दाखवलं. पिग्मीला हो म्हणाले.

एक राहिलं. दोन वर्षांनी सासरच्या गावची लक्ष्मी यात्रा आहे. सासूबाई आत्तापासून म्हणतात, बकरं पाडायला लागेल, सगळे पाहुणे बोलवायला लागतील, नाहीतर गावात तोंड दाखवता येणार नाही. त्यांना दुखवायचं नाही. खरं हा खर्च कुठल्या वहीत बसवू?

---

शिवारातली काकू

पोरी, या एका गोष्टीनं माझं घर खाली आलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

२००७ साली आमच्या गावची यात्रा झाली. ह्यांनी दोन बकरी पाडली, दारात मांडव, दीडशे पान जेवलं. माहेरच्यांना लुगडी, जावयांना कपडे. ७०,००० कर्ज झालं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं, कारण देवीचं होतं. दोन वर्षांनी हे गेले तेव्हा निम्मं कर्ज शिल्लक. ते फेडायला म्हैस विकली. कर्ज फिटलं, पण रोजचे दुधाचे पैसेही तिच्याबरोबर गेले. पोरांच्या वह्या त्या दुधावर येत होत्या.

बारा वर्षांनी, २०१९ ला, परत यात्रा आली. सहा महिने आधी दोन्ही दिरांना घरी बोलावलं. तीन घरांचा एक मांडव, एक बकरं, पाहुणे वाटून घेतले. कुणी लुगडी घ्यायची नाहीत, द्यायची नाहीत, हे तेव्हाच पाहुण्यांना फोन करून सांगितलं. देवीची ओटी मात्र माझ्या हातानं, पूर्ण मानानं भरली. माझ्या वाट्याला १४,००० आले, ते वहीत आधीच होते. गावात कुणी काही बोललं नाही. उलट पुढच्या गल्लीतल्या दोन भावांनी मला विचारून तसाच मांडव घातला.

तुझ्याकडे दोन वर्षं आहेत. सासूबाईंना ही गोष्ट तू सांगू नकोस, सुनेनं सांगितली की लागते. मी सांगते. शनिवारी बाजाराला न जाता माझ्याकडे घेऊन ये. मसूरही बघून जाशील.

---

वडगावची वैनी

शनिवारी अकराच्या बसनं येतो. सासूबाईंना एवढंच सांगितलंय की मसूर आणायला जायचं आहे. १५ किलो माझ्यासाठी बाजूला ठेवा. पैसे फॉल-पिकोचे आहेत, सासूबाईंच्या खात्याला हात लावलेला नाही.