‘इंटिग्रेशन’ला मराठीत काय म्हणायचं? एकीकरण, एकात्मता की नुसतीच जोडणी?

तिरपी_वेलांटी
एका अहवालाचं भाषांतर करतेय. विषय जागतिकीकरण, शेजारी देशांचे आर्थिक गट आणि त्यातून समाजात पडणारा फरक. मुळात दर दुसऱ्या ओळीला ‘रीजनल इकॉनॉमिक इंटिग्रेशन’ आहे. मी ‘प्रादेशिक आर्थिक एकीकरण’ लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्या गृहस्थांनी सगळीकडचं ‘एकीकरण’ काढून एका फटक्यात ‘एकात्मता’ करून टाकलं. आता एक वाक्य असं झालंय: ‘प्रादेशिक एकात्मतेमुळे सदस्य देशांमधलं अंतर घटलं, मात्र प्रत्येक देशातले काही समूह मागे पडले.’

एकात्मतेमुळे मागे पडले? वाचताना मला स्वतःलाच ठेच लागली. त्यांचं म्हणणं असं की एकीकरण म्हणजे जर्मनीचं, नकाशावरची रेघच पुसली जाते ते. देश शाबूत राहून जे होतं ती एकात्मता. पटत नाही, पण तोडीस तोड शब्दही सुचत नाही. परवापर्यंत द्यायचंय. सुचवा.

जुना_चष्मा
एकात्मता ही मनातली गोष्ट. ‘राष्ट्रीय एकात्मता’ सप्ताह साजरा होतो, आयातशुल्क कमी झाल्याचा होत नाही. मात्र ‘एकात्मिक’ चालेल, तो कोरडा शब्द आहे. एकात्मिक बालविकास योजनेत कोणाच्या आत्म्याचा संबंध नाही, चार सेवा एका ठिकाणी आणल्या एवढंच. ‘एकात्मीकरण’ करून बघा.

ठोकळेबाज
एकात्मीकरण हा शब्द तीनदा भरभर म्हणून दाखवा, मग बोलू. वेलांटीताई, सरळ ‘इंटिग्रेशन’ लिहा. करार, व्यापार, बाजार यातला निम्मा माल बाहेरूनच आलाय. कोणाचं काही अडलं नाही.

आकडेमोड
तपासनीसांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, फक्त निष्कर्ष उलटा निघालाय. बेला बालाशा या हंगेरियन अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये या प्रकाराच्या पायऱ्या मांडल्या. पहिली, मुक्त व्यापार क्षेत्र: आपसातलं आयातशुल्क काढायचं, बाहेरच्यांशी ज्याचं त्याने ठरवायचं. दुसरी, सीमाशुल्क संघ: बाहेरच्यांनाही सगळ्यांचा एकच दर. तिसरी, सामाईक बाजारपेठ: मालाबरोबर माणसं आणि भांडवलही मोकळं. चौथी, आर्थिक संघ: धोरणांचा मेळ. पाचवी, पूर्ण एकीकरण.

म्हणजे ‘एकीकरण’ शोभतं ते वरच्या टोकाला. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा १९९४ साली लागू झालेला करार पहिल्या पायरीवरचा. माल मोकळा, पण मेक्सिकोतल्या मजुराला सीमा होती तिथेच. त्याला एकीकरण म्हणणं धाडसाचं आणि एकात्मता म्हणणं क्रूर. मी ‘आर्थिक जोडणी’ म्हणेन. पायरी कुठलीही असो, खोटं ठरत नाही.

तिरपी_वेलांटी
जोडणी म्हटलं की मला नळजोडणी आठवते. पण पायऱ्यांचा मुद्दा उपयोगी आहे, धन्यवाद.

शुद्धाग्रही
जोडणी हा यंत्रांचा शब्द. अहवालाला भारदस्तपणा हवा. आणि तुम्ही सगळे ‘इंटिग्रेशन’वर अडलात, पण त्याआधी ‘जागतिकीकरण’ हा शब्द कोणालाच खुपत नाही याचं आश्चर्य वाटतं. जगत् वरून जागतिक, त्याला पुन्हा च्वि (‘नव्हतं ते तसं करणं’ दाखवणारा संस्कृत प्रत्यय) लावून करण. हे विशेषणाचं क्रियापद आणि त्याचं परत नाम. ‘वैश्वीकरण’ सुटसुटीत आणि व्याकरणशुद्ध.

खडूफळा
वैश्वीकरण हिंदीकडून आलंय आणि तिथेही त्याच्या शेजारी ‘भूमंडलीकरण’ आहेच. मराठीत ‘विश्व’ म्हटलं की लगेच हात जोडले जातात, प्रार्थनेचा शब्द तो. कंपन्यांनी कारखाने स्वस्त मजुरीच्या देशात हलवले, याला ‘वैश्वीकरण’ म्हटलं की त्या कंपन्या संतच वाटायला लागतात.

शिवाय ‘जगत्’ची व्युत्पत्ती बघा. गम् धातू. जे जातं, हलतं, ते जगत्. वर्गात मी हे सांगतो तेव्हा एक मुलगी दरवर्षी (वेगवेगळी मुलगी, पण प्रश्न तोच) विचारते, सर, मग हलतं कोण? पैसा एका कळीवर हलतो, माल पेटाऱ्यातून (म्हणजे कंटेनरमधून) हलतो आणि माणूस व्हिसाच्या रांगेत उभा असतो. जागतिकीकरणातल्या विषमतेचा अर्धा धडा त्या धातूत आहे. शब्द बदलायचं काही कारण नाही.

ठोकळेबाज
सर, धातूत धडा वगैरे ठीक, पण हा शब्द तयार करणाऱ्याने गम् धातूचा विचार केला असेल असं वाटत नाही. वर्तमानपत्राची वेळ भरत आली होती, हाताशी ‘जागतिक’ होतं, ‘करण’ चिकटवलं.

खडूफळा
शब्द घडवणाऱ्याच्या मनात काय होतं यावर अर्थ ठरत नसतो, हे तुम्हीच मागच्या धाग्यात मला सुनावलं होतं.

मोर्चेकरी
आमच्याकडे ‘खाउजा’ म्हणायचे. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. भाषणात एका दमात तिन्ही शब्द घेताना जीभ अडखळायची, खाउजा कसं खाऊन जा म्हटल्यासारखं ठसक्यात यायचं. असा शब्द कुठल्या कोशमंडळाला सुचला असता का?

एक गोष्ट सांगतो. तेव्हा मी पत्रकं लिहायचो. ‘जागतिकीकरण झाले’ असं लिहिलं म्हणून एका वयस्कर कार्यकर्त्याने पत्रक परत केलं. म्हणाले, ‘करण आहे ना त्यात? मग झालं कसं? केलं म्हण. आणि केलं म्हटलंस की कोणी केलं ते लिहावं लागेल.’ त्या दिवसापासून ‘-करण’वाला शब्द दिसला की मी कर्ता शोधतो.

आकडेमोड
मोर्चेकरी, मुद्दा झकास, पण अर्धाच. पोलादी पेटारे लादलेलं पहिलं जहाज १९५६ मध्ये अमेरिकेत निघालं. त्यानंतर मालवाहतुकीचा खर्च आणि वेळ जो घटत गेला तो कोणा मंत्र्याच्या सहीने नाही. ते ‘झालं’. उलट १९४७ च्या गॅट या आयातशुल्क आणि व्यापाराच्या करारापासून १९९५ च्या जागतिक व्यापार संघटनेपर्यंत शुल्कं उतरवली गेली, फेरीमागून फेरी, टेबलाशी बसून. ते ‘केलं’. चीन डिसेंबर २००१ मध्ये त्या संघटनेत आला तोही वाटाघाटींनी. दोन्ही एकाच शब्दात कोंबलंय, ही खरी अडचण.

शुद्धाग्रही
मग संस्कृतात सोय आहे की. केलं ते जागतिकीकरण, झालं ते जागतिकीभवन.

ठोकळेबाज
जागतिकी भवन. तळमजल्यावर चौकशी खिडकी, दुपारी बंद.

मोर्चेकरी
😂 पण आकडेमोड, पेटारे ‘झाले’ हे मान्य नाही. बंदरातल्या गोदी कामगारांची कामं गेली, त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या, कुठे तडजोडी झाल्या, कुठे संप मोडले. ‘झालं’ म्हणायची चैन ज्याला झळ लागली नाही त्याला.

जुना_चष्मा
मूळ प्रश्नाकडे येऊ का? त्या वाक्यातला ‘प्रादेशिक’ही मला खटकतो. मराठीत प्रदेश हा देशाच्या पोटात असतो. प्रादेशिक भाषा, प्रादेशिक पक्ष, प्रादेशिक परिवहन. इथे उलट, देशच प्रदेशाच्या पोटात. ‘विभागीय’ म्हणावं तर आयुक्त डोळ्यांसमोर येतात, ‘क्षेत्रीय’ हिंदी वाटतं. ‘शेजारी देशांची आर्थिक जोडणी’ असं फोडून का लिहू नये?

तिरपी_वेलांटी
शब्दमर्यादा आहे हो काका. आणि सगळे शेजारी नसतात. पण १९८५ च्या सार्कचं नाव मराठीत ‘दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना’ असंच रुळलंय, म्हणून ‘प्रादेशिक’ ठेवतेय. आज मला ‘इनइक्वॅलिटी’ने गाठलंय. मी ‘विषमता’ लिहिलं, तपासनीसांनी ‘असमानता’ केलं. कारण दिलंय: विषमता हा आरोप आहे, असमानता ही नोंद.

कानोकानी
विषमतेत ‘विष’ आहेच, उगाच नाही!

शुद्धाग्रही
नाही. वि + सम. आधीच्या इकारामुळे स चा ष होतो. विषाचा काही संबंध नाही. विषमभुज त्रिकोणात कोण कोणाला विष घालतं?

कानोकानी
घालत नसेल, पण ऐकणाऱ्याला ऐकू येतं ना? शब्दाचं काम कानात होतं, कोशात नाही.

खडूफळा
तपासनीसांचं वाक्य आवडलं मला, निर्णय नाही आवडला. दोन माणसांची उंची असमान असते. एकाला सात पिढ्यांची जमीन आणि दुसऱ्याला सात पिढ्यांचं कर्ज, ही विषमता. मराठीत आपण ‘उंचीतली विषमता’ म्हणत नाही. म्हणजे भाषेनेच हा भेद केलाय आणि अहवालवाले तो पुसायला निघालेत.

आकडेमोड
पण गिनी गुणांक काय मोजतो? शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, एक म्हणजे सगळं एकाच्या हातात. १९१२ पासून हे माप आहे, त्याला आरोप करता येत नाही. मोजमापाच्या तक्त्यात ‘असमानता’ आणि विवेचनात ‘विषमता’ असं केलं तर?

आणि कृपा करून ‘दरी’ टाळा. ‘गरीब-श्रीमंत दरी रुंदावली’ हे वाक्य आपल्याकडे छापून तयारच असतं. दरीला दोनच काठ. ब्रँको मिलानोविच आणि क्रिस्टोफ लाकनर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ ते २००८ या काळासाठी सगळ्या जगाला उत्पन्नाच्या एकाच रांगेत उभं करून कोणाचं किती वाढलं ते काढलं. रांगेच्या मधल्या भागातल्या लोकांचं भरपूर वाढलं, त्यात चीनमधले पुष्कळ. गरीब टोकाकडून मोजत ऐंशीव्या टक्क्याच्या आसपासचे, म्हणजे श्रीमंत देशांतले कनिष्ठ मध्यमवर्गीय, जवळजवळ जागच्या जागी. आणि अगदी वरचा एक टक्का पुन्हा उंच. आलेख हत्तीसारखा दिसतो: पाठ, उतरती सोंड आणि शेवटी वर उचललेलं टोक. देशादेशांतलं अंतर कमी होत होतं तेव्हाच बऱ्याच देशांच्या आत ते वाढत होतं. यात दरी कुठे दाखवणार?

मोर्चेकरी
सोंडेच्या खालच्या वळणावर जी माणसं आहेत त्यांना मतदानाचा हक्क आहे, हे आलेख काढणाऱ्यांना २०१६ मध्ये कळलं.

आकडेमोड
ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचा युरोपीय संघ सोडायचा कौल, एका सोंडेवर टाकणं सोपं आहे. असो, अवांतर होतंय.

ठोकळेबाज
अवांतर आता सुरू होतंय? 🙂

जुना_चष्मा
एकीकरण आणि जर्मनी यावर राहून गेलं. तपासनीसांना सांगा, जुलै १९९० मध्ये पूर्व जर्मनीतले पगार एकास एक दराने पश्चिमेच्या मार्कात बदलले, ऑक्टोबरमध्ये देश एक झाला. रेघ पुसली. तरी पूर्वेचे कारखाने त्या चलनात टिकाव धरेनात, बेकारी उसळली आणि पगारातला फरक तिथे तीस वर्षांनीही शिल्लक होता. म्हणजे पाचव्या पायरीच्याही वर गेलं तरी काही समूह मागे पडतातच. तेव्हा त्या वाक्यात ‘एकीकरणामुळे मागे पडले’ हे अर्थाने चुकीचं नाही. चूक ‘एकात्मते’त आहे, कारण तिथे मागे पडायला जागाच ठेवलेली नाही.

आकडेमोड
उलट बाजूचं उदाहरण: केनिया, युगांडा, टांझानिया यांचा पूर्व आफ्रिकी समुदाय. १९६७ मध्ये जुळला, १९७७ मध्ये मोडला. राजकीय वैर होतंच, पण कारखाने आणि फायदा केनियाकडे गोळा होतो ही बाकी दोघांची जुनी तक्रार होती. २००० साली पुन्हा उभा राहिला. युरोपने हे ओळखून १९७५ पासूनच मागास भागांसाठी वेगळा निधी ठेवला. सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली दरडोई उत्पन्न असलेल्या भागांना आता त्यातला मोठा वाटा मिळतो. नुसतं जोडून भागत नाही, वाटावंही लागतं.

खडूफळा
त्या निधीच्या धोरणाला ‘कोहिजन’ म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणाल? मी ‘सांधणी’ म्हणेन. आणि मग ‘इंटिग्रेशन’लाही ‘सांधणं’ का नको? सांधा म्हणजे दोन हाडं वेगळीच राहतात, पण हालचाल एकत्र. आणि दुखतंही तिथेच.

तिरपी_वेलांटी
सर, सुंदर आहे, पण ‘प्रादेशिक आर्थिक सांधणी’ वाचून तपासनीस मला हाडवैद्याकडे पाठवतील.

शुद्धाग्रही
‘सीमाशुल्क संघ’ बरोबर आहे, पण वरच्या यादीत ‘सामाईक’ लिहिलंय. ते ‘सामायिक’ हवं.

मोर्चेकरी
सामायिक हे जैनांचं व्रत. विहीर, भिंत, बांध सामाईक असतो.

शुद्धाग्रही
प्रमाण लेखनात ‘सामायिक’ही सर्रास आहे.

मोर्चेकरी
सर्रास! आता तुम्हीच वापराचा दाखला देताय? काल ‘वैश्वीकरण’साठी व्याकरण होतं.

ठोकळेबाज
आणि बांध सामाईक असला की दोन्ही भाऊ कोर्टात असतात. बाजारपेठेला तोच शब्द लावला हे उत्तम झालं.

तिरपी_वेलांटी
आज दिलं. ‘एकात्मता’ सगळीकडून काढली. शीर्षकांत ‘प्रादेशिक आर्थिक एकीकरण’, मजकुरात जिथे नुसता मुक्त व्यापार आहे तिथे ‘जोडणी’. विषमता परत आणली, तक्त्यांत असमानता. ते वाक्य आता असं आहे: ‘देश जवळ आणले गेले, त्यांच्यातलं अंतर घटलं, पण प्रत्येक देशात काही समूहांना मागे ठेवलं गेलं.’ तपासनीसांनी ‘ठेवलं गेलं’ला गोल केलाय आणि समासात लिहिलंय: ‘कोणी?’

मोर्चेकरी
त्यांना आमच्याकडे पाठवा.

कानोकानी
सामाईक आणि सामायिक दोन्ही चालतात असं ऐकलंय. नक्की काय ते कोणी सांगेल का?