चाळीतल्या प्रजासत्ताकाचा शिक्का कोणाकडे असावा?

गिरगावचा तिसरा मजला

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा विचित्र आहे, पण घरातली शांतता त्यावर अवलंबून असल्यामुळे विचारतो.

आमची चाळ तीन मजल्यांची, ४८ खोल्यांची. यंदाच्या गणेशोत्सवात मुलांनी देखावा म्हणून तिसरा मजला आणि वरची गच्ची मिळून एक ‘स्वतंत्र प्रजासत्ताक’ घोषित केले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बांबूचा सीमानाका उभा राहिला, उरलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पारपत्रे तयार झाली, आणि खोडरबर कोरून केलेला शिक्का उमटल्याशिवाय टाकी धुणाऱ्या माणसालाही गच्चीवर सोडायचे नाही, असा फतवा निघाला. राष्ट्राध्यक्ष चिठ्ठी टाकून निवडला गेला. तो एकोणीस वर्षांचा आहे.

विसर्जन होऊन दोन महिने उलटले तरी हे राष्ट्र काही विसर्जित झालेले नाही. त्यातून चांगलेही घडले, हे मान्य केले पाहिजे: गच्चीवरचा कित्येक वर्षे बंद असलेला दिवा लागला, आणि पहाटे पंप सुरू करण्याच्या पाळ्या पहिल्यांदाच कागदावर आल्या. मात्र आता राष्ट्राध्यक्ष शिक्का आणि गच्चीची किल्ली सोडायला तयार नाही, दुसऱ्या गटाला निवडणूक हवी आहे, आणि खोली क्रमांक ४१ मधील आजोबांना आजीव ‘राष्ट्रपिता’ व्हायचे आहे. दरम्यान जलमंत्री चार दिवस उठलेला नाही, त्यामुळे पावणेपाचला पंप माझी आई सुरू करते. जगात अशी स्वयंघोषित राष्ट्रे बरीच आहेत असे ऐकतो. तिथे नेता कसा ठरतो, आणि लोक खरोखर एकत्र राहतात की नुसतीच टपाल तिकिटे छापतात?

तिकीटसंग्राहक, दादर

तिकिटे छापतात हे खरेच आहे, माझ्या संग्रहात सीलँडची आहेत. तिथला इतिहास आपल्या राष्ट्राध्यक्षाला जरूर वाचायला द्या.

इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर, दुसऱ्या महायुद्धात समुद्रात उभारलेला दोन खांबांचा एक किल्ला आहे. रॉय बेट्स या माजी लष्करी मेजरने १९६७ साली तो ताब्यात घेऊन ‘सीलँड’ हे स्वतंत्र राज्य घोषित केले, स्वतः ‘प्रिन्स’ म्हणजे संस्थानिक झाला आणि पत्नीला ‘प्रिन्सेस’ केले. पुढच्याच वर्षी गोळीबाराच्या एका प्रकरणात ब्रिटिश न्यायालयाने, ही जागा तेव्हाच्या तीन सागरी मैलांच्या हद्दीबाहेर असल्यामुळे आपला अधिकार चालत नाही, असे म्हटले, आणि बेट्स कुटुंबाने त्यालाच मान्यता मानले. १९७८ मध्ये, ज्याला त्यांनीच पंतप्रधान म्हणवून घेऊ दिले होते त्या अलेक्झांडर आखेनबाख नावाच्या जर्मन गृहस्थाच्या माणसांनी किल्ल्यावर चढाई करून राजपुत्र मायकेलला ओलीस धरले. बेट्सने हेलिकॉप्टरमधून येऊन किल्ला परत घेतला आणि उलट त्यांच्यातल्याच एकाला कैदेत ठेवले, तेव्हा जर्मनीला लंडनच्या वकिलातीतून अधिकारी पाठवून त्याची सुटका करून घ्यावी लागली. रॉय बेट्स २०१२ मध्ये वारले आणि गादी मुलाकडे गेली. त्या किल्ल्यावर वस्ती म्हणाल तर बहुतेक काळ राखणदाराएवढीच.

ऑस्ट्रेलियातील हट रिव्हरचीही हीच गत. गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी भांडून लिओनार्ड केस्ली या शेतकऱ्याने १९७० मध्ये आपली सुमारे ७५ चौरस किलोमीटर जमीन वेगळी काढली. २०१७ मध्ये त्याने मुलासाठी पदत्याग केला, आणि २०२० मध्ये कराची प्रचंड थकबाकी आणि महामारीत आटलेले पर्यटन यांमुळे मुलाने ते राज्य गुंडाळले. जिथे प्रजा म्हणजे घरचीच माणसे, तिथे गादी मुलाकडे जाणार, यात नवल ते काय?

निवडणूक हवी असणाऱ्यांनी मात्र इटलीतील सेबोर्गा पाहावे. जेमतेम तीनशे वस्तीच्या या गावाने १९६३ मध्ये जॉर्जो कार्बोने या फुलशेतकऱ्याला ‘प्रिन्स’ निवडले, आणि तो २००९ मध्ये मरेपर्यंत प्रिन्सच राहिला. गावाला इटलीच्या कायद्याचा महापौर आहे तो आहेच आणि लोक करही इटलीलाच भरतात. तुमच्या आजोबांना हे पद आवडेल, त्याला काम फारसे नाही.

निवृत्त चिटणीस, मुलुंड

आधी एक व्यवहाराची गोष्ट. पारपत्रावर अशोकस्तंभाचे सिंह छापले असतील तर ती पारपत्रे आजच बाद करा. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि गंमत म्हणून केले हे उत्तर तिथे चालत नाही. मोर, कासव, उंदीर, काहीही छापा.

दादरकरांनी राजांच्या गोष्टी सांगितल्या, पण चाळीला जवळचे उदाहरण लंडनमधले फ्रेस्टोनिया आहे. फ्रेस्टन रस्त्यावरच्या पडझड झालेल्या घरांत सुमारे १२० लोक बेकायदा राहत होते. पालिकेने ती घरे पाडून पुनर्विकास करण्याचे ठरवले, तेव्हा १९७७ मध्ये त्यांनी मतदान घेऊन स्वातंत्र्य जाहीर केले आणि संयुक्त राष्ट्रांकडे शांतिसेना मागितली. सगळ्यांत मार्मिक युक्ती पुढेच आहे: सर्व रहिवाशांनी ब्रॅमली हे एकच आडनाव लावले. सगळे एकाच कुटुंबातले ठरले तर त्यांना पांगवून वेगवेगळ्या ठिकाणी घरे देता येणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब होता. मंत्रिपदे खिरापतीसारखी वाटली होती, शिक्षणमंत्री तर दोन वर्षांचे मूल होते. संयुक्त राष्ट्रांनी दाद दिली नाही, पण वर्तमानपत्रांनी दिली, वाटाघाटी झाल्या, रहिवाशांची गृहनिर्माण सहकारी संस्था उभी राहिली आणि त्याच जागी नवी घरे मिळाली. पुनर्विकासाच्या बैठकीत विकासकासमोर एकेका खोलीने वेगळा सूर लावल्यावर काय होते, हे मी बावीस वर्षे चिटणीस असताना पाहिले आहे. म्हणून मला त्या आडनावाचे अप्रूप वाटते.

नेत्याबद्दल म्हणाल तर आमच्या वार्षिक सभेत पदाधिकारी निवडीचा विषय आला की माणसे चहा पाहायला उठतात. तुमच्याकडे पदासाठी भांडण आहे, याचाच मला हेवा वाटला.

वर्सोव्याची

मी कामानिमित्त तीन वर्षे कोपनहेगनला होते आणि क्रिस्तियानियात वरचेवर जात असे. १९७१ मध्ये लोकांनी रिकाम्या लष्करी बराकींचे कुंपण तोडून ते ‘मुक्त नगर’ वसवले आणि आज तिथे आठ-नऊशे माणसे राहतात. तिथे राष्ट्राध्यक्ष नाही. वस्तीचे लहान विभाग आहेत, प्रत्येक विभागाची सभा असते, त्यावर सर्वांची सभा असते, आणि निर्णय मतदानाने न होता सर्वसंमतीने होतात. ऐकायला हे गोड वाटते. माझी तिथली मैत्रीण सांगत असे की एका घराच्या छपराचा प्रश्न तीन सभा चालला, कारण एक गृहस्थ प्रत्येक वेळी ‘मला अजून पटलेले नाही’ एवढेच म्हणत होते, आणि जो सर्वांत उशिरापर्यंत बसू शकतो त्याचेच शेवटी चालते.

तरीही मोठे निर्णय त्यांनी घेतले आहेत. १९७९ मध्ये हेरॉइनने माणसे मरू लागली तेव्हा रहिवाशांनीच नाकेबंदी करून विक्रेत्यांना हाकलले. २०१२ मध्ये त्यांच्या न्यासाने सरकारकडून जागेचा मोठा भाग विकत घेतला, आणि गांजाच्या उघड्या बाजारात टोळ्यांच्या गोळ्या चालू लागल्यावर २०२४ मध्ये त्या रस्त्याचे दगड रहिवाशांनी स्वतःच्या हातांनी उखडले. पुढारी नाही असे म्हणतात, पण ज्याला पाइप, वायरी आणि हिशेब कळतो त्याच्या शब्दाला वजन असतेच. ते वजन कुठे लिहिलेले नसल्यामुळे ते काढून घ्यायचे कसे, हेही कोणाला ठाऊक नसते. माझे मत स्पष्ट आहे: पद ठेवा, पण मुदत लिहून ठेवा.

चंद्रपूरहून कुर्ल्याला

सर्वसंमती पाहायला डेन्मार्कला जाण्याची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची घोषणाच आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. तिथे ग्रामसभेत एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही, आणि विषय समजून घेण्यासाठी वेगळा अभ्यासगट बसतो. अभ्यासगटात चर्चा, ग्रामसभेत निर्णय. मात्र हे गाव सीलँडच्या रांगेत बसवू नका. त्याने देशापासून फारकत घेतलेली नाही, उलट देशाचाच वनहक्क कायदा वापरून २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथे भांडण खुर्चीचे नव्हते, बांबूचे होते.

गिरगावचा तिसरा मजला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पारपत्रांवर सुदैवाने गच्चीवरच्या मांजराचे चित्र आहे.

रविवारी गॅलरीत सभा झाली. मी सीलँडचे प्रकरण वाचून दाखवल्यावर राष्ट्राध्यक्षाला राजपुत्राच्या ओलिसाचा भाग इतका आवडला की मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. मुदतीवर एकमत झाले नाही. तो वर्ष म्हणतो, विरोधक महिना म्हणतात. आजोबांना राष्ट्रपिता केले, त्याला कोणाचीच हरकत नव्हती. शेवटी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली की शिक्का पंपाच्या खटक्याशेजारच्या खिळ्याला टांगा, ज्याची पाळी असेल त्याच्याकडे त्या दिवसापुरता राहील. यावर राष्ट्राध्यक्षाने, हा घटनाबदल आहे, त्याला दोनतृतीयांश बहुमत लागते, असा आक्षेप घेतला. घटना लिहिलेली नाही, हे त्याला सांगितले. ती तो आता लिहीत आहे.

शिक्का तूर्त खिळ्याला आहे, किल्ली अजून त्याच्याच खिशात आहे, आणि उद्याची पाळी माझी आहे.