मदत हवी आहे : इनस्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्यांसाठी टॅबलेटची कीबोर्ड केस

नमस्कार.

माझ्याकडे दहाव्या पिढीचा आयपॅड आहे, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला, १०.९ इंची पडद्याचा आणि यूएसबी-सी असलेला. त्याच्यासाठी कीबोर्ड केस घ्यायची आहे आणि तिचा वापर जवळजवळ पूर्णपणे मराठी लेखनासाठी होणार आहे. मी इंग्रजी दस्तऐवजांची मराठीत भाषांतरे करते. अंतिम मसुदा घरच्या संगणकावर तयार होतो. परंतु पहिला खर्डा, तपासणी आणि दुरुस्त्या ही कामे बहुधा बाहेरच होतात, कधी बोरिवलीहून सुटणाऱ्या धीम्या लोकलमध्ये, कधी दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात, तर कधी वकिलांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर. पडद्यावरच्या कीबोर्डाने चार ओळींचा निरोप लिहिता येतो. मात्र तीन पानांचे प्रतिज्ञापत्र लिहायचे झाल्यास अर्धा पडदा त्या कीबोर्डानेच व्यापला जातो आणि मूळ मजकूर व भाषांतर शेजारी शेजारी ठेवून पाहता येत नाही.

बाजारात केसेस उदंड आहेत आणि त्यांची परीक्षणेही उदंड आहेत, परंतु ती सारी इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेली आहेत. माझी अडचण तेथेच सुरू होते. मी इनस्क्रिप्ट ही देवनागरीची कीबोर्ड मांडणी वापरते. ज्यांना ही मांडणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते की, तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असतात, आणि एवढी व्यंजने इंग्रजी अक्षरांच्या कळांवर मावत नसल्यामुळे ती उजवीकडच्या विरामचिन्हांच्या कळांपर्यंत पसरतात. अर्धविरामाच्या कळेवर 'च' असतो, तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळेवर 'ट', चौकटी कंसाच्या पहिल्या कळेवर 'ड', तिरप्या रेघेवर 'य', बरोबरच्या चिन्हावर ऋकाराची खूण आणि उलट्या तिरप्या रेघेवर 'डॉक्टर'मधला 'ॉ'. शिफ्ट दाबल्यावर यांतल्याच कळांवरून छ, ठ, ढ आणि ऑ मिळतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला चौकटी कंस क्वचितच लागतो. मला 'ड' सतत लागतो, आणि 'च' व 'य' यांच्यावाचून तर 'च्या' हा साधा प्रत्ययदेखील उमटत नाही.

लहान केसमध्ये नेमक्या याच उजव्या कडेवर कात्री चालवलेली असते. दुकानात पाहिलेल्या एका स्वस्त केसमध्ये अवतरणचिन्हाला स्वतंत्र कळच नव्हती. ते चिन्ह दुसऱ्या कळेवर एफएन (फंक्शन) ही जोडकळ दाबून मिळत होते. याचा अर्थ, 'ठ'साठी एफएन, शिफ्ट आणि ती कळ अशा तीन कळा एकाच वेळी दाबायच्या. 'ठाण्याच्या ठेवीदारांनी ठराव केला' एवढे लिहितानाच बोटांचा गुंता होईल. विक्रेत्याला हे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, तर त्याने कळांखाली उजळणारे सात रंग दाखवले.

जोडणीच्या बाबतीतही मन ठरत नाही. स्मार्ट कनेक्टर (आयपॅडवरचे धातूचे जोडबिंदू) वापरणाऱ्या केसला वीज आणि संदेश दोन्ही आयपॅडकडूनच मिळतात, त्यामुळे तिला वेगळे चार्जिंग लागत नाही आणि दर वेळी जोडणी जुळवावीही लागत नाही. ब्लूटूथ केस त्या मानाने पुष्कळ स्वस्त असते, पण तिची स्वतःची बॅटरी सांभाळावी लागते. ॲपलची स्वतःची मॅजिक कीबोर्ड फोलिओ भारतात आली तेव्हा तिची किंमत २४,९०० रुपये होती आणि खुद्द या आयपॅडची ४४,९०० पासून सुरू होत होती. टॅबलेटच्या निम्म्याहून अधिक रक्कम त्याच्या कीबोर्डावर घालण्याची माझी तयारी नाही. दहा-बारा हजारांपर्यंत जाईन, त्याहून कमीत भागले तर आनंदच आहे.

माझी विनंती मुख्यतः अशा सभासदांना आहे, जे टॅबलेटवर खरोखरच इनस्क्रिप्टमध्ये लिहितात. उजवीकडच्या कळा शाबूत असलेली केस कशी ओळखावी? लोकलमध्ये मांडीवर ठेवून लिहिता येईल, अशी रचना कोणती? आणि ग्रंथालयात शेजारच्याने मान वर करून पाहू नये, इतपत कळा मऊ असतात का?

प्रतिसाद

ताई, तुमचा प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. केसची नावे पाहण्याआधी तुम्ही पट्टी घेऊन थोडा हिशेब करावा, असे मी सुचवीन.

नेहमीच्या कीबोर्डात एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंतचे अंतर १९ मिलिमीटर असते. आकड्यांच्या ओळीत तेरा कळा आणि त्यांच्यापुढे दोन कळांच्या रुंदीचे बॅकस्पेस, म्हणजे एकूण पंधरा कळांची रुंदी, सुमारे २८५ मिलिमीटर. तुमच्या आयपॅडची लांब बाजू २४८.६ मिलिमीटर आहे. जवळजवळ दोन कळांची जागा मुळातच नाही. आयपॅडच्या मापाबाहेर न जाणाऱ्या केसमध्ये सर्व कळा पूर्ण आकाराच्या असणे शक्य नाही, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

तेव्हा जागा कमी पडणार हे गृहीत धरून ती कोठून कापली आहे एवढेच पाहायचे. काही उत्पादक सर्व कळा सारख्याच प्रमाणात आखडतात. मग दोन कळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटरांच्या आसपास येते. काही जण इंग्रजीची सव्वीस अक्षरे ऐसपैस ठेवतात आणि उजवीकडच्या चिन्हांच्या कळा निम्म्या रुंदीच्या करतात. तिसरा प्रकार तुम्ही पाहिलाच आहे. परीक्षणे लिहिणारे दुसऱ्या प्रकाराचे कौतुक करतात, कारण इंग्रजीसाठी तो खरोखरच सोयीचा आहे. इनस्क्रिप्टसाठी मात्र मी निःशंकपणे पहिला प्रकार निवडीन. सर्वत्र सारखे आखडलेले अंतर बोटे लवकर आत्मसात करतात. 'प' ऐसपैस आणि त्याच हाताखालचा 'ड' निमुळता असेल, तर करंगळी दर वेळी चुकते.

आणखी एक खूण सांगतो. टॅब, कॅप्स लॉक, एंटर आणि उजवे शिफ्ट या कळा जितक्या बारीक केलेल्या असतील, तितकी तुमची व्यंजने सुरक्षित राहतात, कारण 'च' आणि 'ट' मधल्या ओळीत आहेत आणि 'य' खालच्या ओळीत, जेथे कापण्यासाठी अशा रुंद कळा उपलब्ध असतात. वरच्या ओळीतला 'ड' आणि 'ॉ' अधिक धोक्यात असतात, कारण तेथे टॅबखेरीज कापण्यासारखे फारसे काही नसते. डावे शिफ्ट मात्र आखडलेले नको. उजव्या हाताची महाप्राण व्यंजने, म्हणजे ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ही सारी डाव्या करंगळीने शिफ्ट धरूनच लिहायची असतात, आणि 'ळ'लाही तेच शिफ्ट लागते.

मापाविषयी एक इशारा. १०.९ इंच हा आकडा पाहून केस घेऊ नका. चौथ्या आणि पाचव्या पिढीचा आयपॅड एअरदेखील १०.९ इंचीच आहे, पण त्याची जाडी ६.१ मिलिमीटर आहे आणि तुमच्या आयपॅडची ७. शिवाय एअरचा स्मार्ट कनेक्टर पाठीवर आहे आणि तुमचा कडेवर. एअरसाठीची केस तुमच्या आयपॅडला बसणार नाही. २०२५ मध्ये आलेल्या ए-१६ चिपच्या आयपॅडचे माप मात्र तुमच्याइतकेच असल्यामुळे त्याच्यासाठी विकल्या जाणाऱ्या केसेस तुम्हाला चालतील.

दुकानात टॅबलेट बरोबर न्या, केस जोडा आणि हे वाक्य लिहून पाहा: 'यंदा ठाकठीक छत्री घेऊन डॉक्टर कृष्णेच्या ढासळत्या काठावर चढले.' त्याला फारसा अर्थ नाही, परंतु धोक्यातल्या बहुतेक कळा त्यात येऊन जातात.

प्रतिसाद

वरील हिशेब पटला. मी केवळ लोकलविषयी लिहितो, कारण त्या बाबतीत खोक्यावरची छायाचित्रे फार फसवी असतात.

तुमच्या आयपॅडसाठी कनेक्टरवर चालणाऱ्या ज्या नावाजलेल्या केसेस आहेत, म्हणजे ॲपलची फोलिओ आणि लॉजिटेकची कॉम्बो टच, त्या दोन्ही पाठीमागे टेकू उघडून उभ्या राहतात आणि त्यांचा कीबोर्ड पुढे पसरतो. टेबलावर त्या उत्तम आहेत. मांडीवर मात्र टेकूच्या मागच्या कडेपासून कीबोर्डाच्या पुढच्या कडेपर्यंत सपाट जागा लागते, आणि चौथ्या सीटवर अर्धे बसलेल्या माणसाला एवढी मांडी कोठून मिळणार? टेकूची कड गुडघ्यावरून घसरते आणि पडदा मागे कलंडतो. पिशवी मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर केस ठेवली तर थोडे जमते, पण पिशवीत कडक पाठीची वही असली तरच.

मांडीसाठी लॅपटॉपसारख्या घट्ट बिजागरीची केस हवी, जिच्यात आयपॅड वरच्या चौकटीत बसतो आणि खाली वेगळा टेकू लागत नाही. या रचनेत वजन वरच्या बाजूला असते, म्हणून पडदा मागे पडू नये यासाठी खालचा भाग मुद्दाम जड केलेला असतो. आयपॅड ४७७ ग्रॅमचा आहे. अशा केससह तो एक किलोच्या आसपास जातो. खांद्याला ते जाणवेल. शिवाय या केसेस बहुधा ब्लूटूथवर चालतात, त्यामुळे काही मिनिटे थांबून पुन्हा लिहू लागल्यावर झोपलेला कीबोर्ड जागा होईपर्यंत पहिली एक-दोन अक्षरे गळतात. तेवढ्यासाठी आधी शिफ्ट दाबून थोडे थांबण्याची सवय लावून घेतली की काम भागते.

कळांच्या आवाजाची चिंता नको. इतक्या पातळ केसमध्ये कळ जेमतेम एक-दीड मिलिमीटर खाली जाते. आवाज होतो तो जोरात आपटल्यामुळे.

प्रतिसाद

देवनागरी अक्षरांचे स्टिकर हवे असतील तर ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करावी. रविवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात. स्टिकर नेहमीच्या आकाराच्या कळांसाठी कापलेले असतात, त्यामुळे आखडलेल्या कळांवर ते कात्रीने कापून लावावे लागतील. कळांखाली दिवा असेल तर पारदर्शक पार्श्वभूमीचे घ्या, अपारदर्शक स्टिकरखाली उजेड अडतो. कृत्रिम चामड्याचे आवरण असलेली केस मात्र टाळा. मुंबईच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा थर चिकट होऊन सोलवटू लागतो आणि पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवली तर त्यावर बुरशीही धरते.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. घरी पट्टी लावून पाहिली आणि पंधरा कळांचा हिशेब तंतोतंत जुळला. स्टिकरची मला गरज नाही, कारण बोटे अक्षरांच्या जागा ओळखतात. 'र'च्या कळेवरचा उंचवटा तेवढा हाताला लागला पाहिजे. आवरणाविषयीची सूचना मात्र मोलाची आहे, कारण मी जी केस मनात धरली होती ती नेमकी तशाच आवरणाची होती.

टेबल आणि मांडी यांपैकी एकच निवडायचे असेल तर मी मांडी निवडीन, कारण ग्रंथालयात बिजागरीची केसही चालेल, पण लोकलमध्ये टेकूची चालणार नाही. तेव्हा ब्लूटूथची, बिजागरीची, कळा सारख्या आखडलेली आणि डावे शिफ्ट रुंद असलेली केस शोधते. एकच शंका उरली आहे. भाषांतर करताना मला विशेषनामे आणि कलमांचे क्रमांक यांसाठी वारंवार इंग्रजीवर जावे लागते. दर वेळी पडद्याला हात न लावता भाषा बदलता येते का?

प्रतिसाद

येते. सेटिंग्जमध्ये जनरल आणि मग कीबोर्ड येथे जाऊन मराठी आणि इंग्रजी असे दोनच कीबोर्ड ठेवा; इमोजीचा कीबोर्डही काढून टाका, म्हणजे कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबल्यावर थेट एका भाषेतून दुसरीत जाता येईल, मध्ये तिसरा थांबा येणार नाही. केस जोडलेली असताना त्याच ठिकाणी 'हार्डवेअर कीबोर्ड' असा वेगळा पर्याय दिसतो. केस जोडलेली नसेल तर तो दिसत नाही, म्हणून पुष्कळांना तो सापडत नाही. बाहेरच्या कीबोर्डाची मांडणी तेथे तपासून घ्या. त्यातच कॅप्स लॉकला कंट्रोलचे काम देण्याची सोय आहे. लहान केसमध्ये कंट्रोलची कळ कोपऱ्यात दडलेली असते, आणि इनस्क्रिप्टमध्ये लिहिताना कॅप्स लॉकचा तसाही काही उपयोग नसतो. दुकानात वरचे वाक्य लिहून पाहाल तेव्हा त्यात मध्येच एखादे इंग्रजी नाव घालून हेही तपासून घ्या.