सिझरनंतर अडीच महिन्यांनी आलेली क्लायंट, सुरुवात कुठून करू?

सांगलीकर_डंबेल
नमस्कार मंडळी, जिममधे ट्रेनर आहे, कोर्स केलाय पण त्यात गरोदर आणि बाळंतिणींवर जेमतेम एक पान होतं. आता एक ताई आल्यात, सिझरला अडीच महिने झालेत, डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलंय आणि त्यांना पहिल्या दिवसापासून क्रंचेस पाहिजेत, पोट कमी करायचंय म्हणे. काय देऊ? त्यात मी पुरुष, काय विचारावं काय नाही कळेना.

फिजिओताई
क्रंचेस आत्ता नकोच. आधी त्यांनाच पोटाची फट (गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू लांब होऊन पडते ती) बघायला सांग, उताणं झोपून गुडघे वाकवायचे, डोकं जरासं उचलायचं आणि बेंबीच्या वरखाली बोटं आडवी ठेवून किती आत जातात ते बघायचं. दोनापेक्षा जास्त गेली किंवा मधे फुगवटा आला तर फिजिओकडे पाठव. नाहीतर ब्रिज (उताणं झोपून कंबर उचलणं), हील स्लाइड (झोपून टाच घसरवत पाय लांब-जवळ करणं), भिंतीवर पुशअप्स, चालणं, आणि जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. पळणं-उड्या तीन महिन्यांच्या आत नाही, आणि तीन झाले म्हणून लगेच पण नाही.

दोन_लेकरांची_आई
अहो पण मुख्य प्रश्न विचारा की, शिंकताना लघवी गळते का! माझी चार वर्षं गळत होती, ट्रेनर जंपिंग जॅक करून घ्यायचा आणि मी काळी लेगिंग घालून जायचे, मधेच पाणी प्यायचं निमित्त करून बाथरूमला पळायचे. सासूबाई म्हणायच्या बाळंतपणानंतर असं व्हायचंच. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, स्वतःहून कोण सांगतंय.

सांगलीकर_डंबेल
बापरे. पण तोंडाने कसं विचारू?

जुनी_ट्रेनर
तोंडाने कशाला, फॉर्मवर टाक ना, हो/नाही टिक करायचं. टाके दुखतात का, गळतं का, खाली जड वाटतं का, अंगावर पाजता का. पाजत असतील तर पाजून झाल्यावरच यायला सांग, भरल्या छातीने व्यायाम म्हणजे नुसता त्रास.
आणि पुढेमागे गरोदर क्लायंट आली तर, डॉक्टरांची ना नसेल तर आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम चालतो, बोलता येईल इतपतच दम लागू दे. तीन महिन्यांनंतर उताणं जास्त वेळ झोपवू नको. रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, छातीत किंवा पोटरीत दुखलं की तिथेच थांबव आणि डॉक्टरला फोन. अजून एक, 2019-21 च्या सरकारी सर्व्हेत देशात 52 टक्के गरोदर बायकांना रक्त कमी निघालंय, म्हणून दम लागला की स्टॅमिना नाही असं ऐकवू नकोस, आधी हिमोग्लोबिन विचार.

सांगलीकर_डंबेल
फॉर्म दिला काल. ताईंनी दोन ठिकाणी हो टिक केलंय, आणि खाली पेनने लिहिलंय "मिस्टरांना सांगू नका".
क्रंचेस कॅन्सल. सांगली-मिरजेत यातली लेडी फिजिओ कोणी आहे का माहितीतली?