झरमॅटला चार रात्री: हॉटेल कुठे घ्यावं, तिकिटं कधी काढावीत?

नदीकाठ:
सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावी चार रात्री राहायचा बेत आहे. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. सासऱ्यांचं वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. झ्युरिकला उतरणार. हॉटेलच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाही, पण खोलीतून मॅटरहॉर्नचं शिखर दिसायलाच हवं. रोज थोडं चालायचंही आहे. गाडी भाड्याने घ्यावी का? वरच्या रेल्वेची आणि केबलकारची तिकिटं आत्ताच काढून ठेवावीत का? आम्ही सगळे शाकाहारी आहोत.

दगडफूल:
गाडी अजिबात नको. झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. ५ किलोमीटर अलीकडे टेश गावात गाडी लावून शटल ट्रेनने १२ मिनिटांत वर यावं लागतं. म्हणजे गाडी चार दिवस नुसती उभी, आणि भाडं व पार्किंग दोन्ही चालू. झ्युरिक विमानतळावरून ट्रेनने निघा, फिस्प स्टेशनला गाडी बदला; साधारण साडेतीन तास लागतात. या गाड्यांना आरक्षण लागत नाही, त्यामुळे विमानाला उशीर झाला तरी पुढची मिळते. पोहोचायची वेळ हॉटेलला कळवून ठेवा. चांगल्या हॉटेलांची विजेवर चालणारी छोटी गाडी स्टेशनवर न्यायला येते.

खोलीबद्दल: 'माउंटन व्ह्यू' म्हणजे मॅटरहॉर्न नव्हे! गाव दरीत आहे, चहूबाजूंना डोंगरच. कुठलीही खिडकी 'माउंटन व्ह्यू'ची ठरते. मॅटरहॉर्न गावाच्या नैऋत्येला आहे. दक्षिणेकडची, बाल्कनीची, वरच्या मजल्यावरची खोली मागा आणि समोर दुसरी इमारत आडवी येत नाही ना, हे ईमेलवर लिहून घ्या. पैसे खरे इथेच घालावेत. शिखर सकाळी मोकळं असतं आणि दुपारपर्यंत बरेचदा ढगात जातं, त्यामुळे अंथरुणातून दिसणारा सूर्योदय जास्तीच्या भाड्याला पुरून उरतो.

उंचसखल:
तारीख बांधलेलं तिकीट आत्ता काढू नका. रोज सकाळी उठल्यावर वरच्या रेल्वेचं शेवटचं ठिकाण असलेल्या गोर्नरग्राटचा थेट कॅमेरा बघा, आकाश मोकळं असेल तरच स्टेशनवर जा. स्विस ट्रॅव्हल पास (देशभरच्या रेल्वे-बसचा एकत्रित पास) असेल तर झरमॅटपर्यंतचा प्रवास त्यात येतो, पण वरच्या रेल्वे आणि केबलकारवर फक्त निम्मी सवलत मिळते. अनेकांचा हिशेब इथेच चुकतो.

क्रम असा ठेवा. आधी सुनेगा (२,२८८ मीटर): बोगद्यातून जाणारी फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी रेल्वे) पाचेक मिनिटांत वर नेते. पुढे केबलकारने ब्लाउहेर्ड, तिथून श्टेलीझे तळं वीसेक मिनिटांच्या चालीवर. पाच तळ्यांची पूर्ण वाट अडीच ते तीन तासांची आहे. ती तुम्ही दोघं करा.

मग गोर्नरग्राट (३,०८९ मीटर). दातेरी रुळांची ही रेल्वे १८९८ पासून चालू आहे, वर जायला ३३ मिनिटं. जाताना उजवीकडे बसा. परत येताना रोटेनबोडेन स्टेशनला उतरून रिफेलझे तळ्यापर्यंत थोडं चाला. प्रतिबिंब हवं असेल तर वारा सुटायच्या आत पोहोचायला हवं. तिथून रिफेलबेर्गपर्यंत सगळी उतरण आहे; गुडघ्यांना त्रास असेल त्यांनी परत रेल्वेच धरावी.

ग्लेशियर पॅराडाइज (केबलकारचं सर्वांत वरचं स्टेशन, ३,८८३ मीटर) शेवटी. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो आणि केबलकार तासाभराच्या आत तिथे नेते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. सासऱ्यांसाठी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. माझं मत, त्यांच्यासाठी गोर्नरग्राट पुरेसं आहे.

नदीकाठ:
दोन रात्री गावात आणि दोन वर, गोर्नरग्राटच्या रेल्वेवरच्या रिफेलआल्पच्या हॉटेलात, असं केलं तर?

दगडफूल:
कल्पना सुंदर आहे, आधी गाव आणि मग वर हाच क्रम. ते २,२२२ मीटरवर आहे. दोन अडचणी: रात्रीच्या शेवटच्या गाडीनंतर गावाशी संबंध तुटतो, म्हणून जेवण तिथेच धरा. शिवाय त्याचा उन्हाळी हंगाम गावातल्या हॉटेलांपेक्षा लवकर आटोपतो; तुमच्या तारखांना ते उघडं आहे का, ते आधी बघा.

पळीपंचपात्र:
जेवणाचं: रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा परतलेला पदार्थ) मागवताना 'श्पेक' नको असं सांगा, नाहीतर डुकराचं मांस घालून येऊ शकते. फॉन्ड्यूत (वितळवलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा पदार्थ) पांढरी वाइन असते, आणि त्यातलं ग्रुयेर चीज वासराच्या रेनेटने (जठरातून काढलेल्या, दूध फाडणाऱ्या द्रव्याने) बनतं. कडक शाकाहारी असाल तर हे आधी ठरवा. दुपारी दोननंतर बरीच स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद असतात. आणि विमा घेताना व्हिसापुरता ३०,००० युरोंचा घेऊन थांबू नका. डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवण्याचा खर्च त्यात स्पष्ट लिहिलेला हवा.