बॅटलक्रूझर, ‘विक्री’ आणि ‘ग्योबेन’: शब्दचर्चा

प्रश्न (दर्यावर्दी): पहिल्या महायुद्धातल्या ‘ग्योबेन’ या जर्मन जहाजावर लेख लिहितोय. बॅटलक्रूझरला ‘युद्धनौका’ म्हटलं तर चालेल? ‘युद्धक्रूझर’ कानाला खटकतं. शिवाय ग्योबेन ‘आली’ की ‘आलं’?

कोळसेवाला: ‘युद्धनौका’ नको. आपल्याकडे पाणबुडीविरोधी छोट्या बोटीपासून विमानवाहू जहाजापर्यंत सगळ्याच युद्धनौका. सरळ ‘बॅटलक्रूझर’ लिहा आणि पहिल्यांदा एका वाक्यात फोड करून द्या: तोफा बॅटलशिपच्या तोडीच्या, वेग क्रूझरचा, आणि त्या वेगापायी चिलखतात काटकसर. पण ही व्याख्या मुळात ब्रिटिश जहाजांवर बेतलेली. ‘इन्व्हिन्सिबल’च्या कुशीवरचं पोलाद जाडीला १५२ मिमी, ग्योबेनचं २७०. जर्मनांनी काटकसर तोफांच्या आकारात केली, २८ सेंमीच्या दहा. ते तिला ‘ग्रोसर क्रॉयत्सर’, म्हणजे नुसतं ‘मोठी क्रूझर’ म्हणत.

दर्यावर्दी: आणि ‘जर्मनीने ती तुर्कस्तानला विकली’ हे बरोबर?

कोळसेवाला: ‘विकली’ अवतरणात टाका. ४ ऑगस्ट १९१४ ला तिनं फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियातल्या फिलिपव्हिल बंदरावर तोफा डागल्या. परतताना दोन ब्रिटिश बॅटलक्रूझर आडव्या आल्या, पण ब्रिटन-जर्मनी युद्ध अजून सुरू व्हायचं होतं, म्हणून पाठलागच झाला. ग्योबेनचे बॉयलर आधीच नादुरुस्त. वेग टिकवताना बॉयलरखोलीतले चार जण होरपळून दगावले, पण ती निसटली. इटलीतल्या मेसिनात कोळसा भरून १० तारखेला तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत शिरली, १६ ला कागदोपत्री उस्मानी, म्हणजे तेव्हाच्या तुर्की साम्राज्याची, झाली, नाव ‘यावुझ सुलतान सेलिम’. खलाशी तेच जर्मन, डोक्यावर फेझ टोप्या. अ‍ॅडमिरल सूशोन, तिच्या जर्मन ताफ्याचा प्रमुख, हाही तिथेच, आता उस्मानी आरमाराचा प्रमुख. याला विक्री म्हणायचं तर म्हणा बापडे! ‘नाममात्र हस्तांतर’ बरं.

शब्दवेल्हाळ: ‘आली’च लिहा. ‘जहाज’ नपुंसकलिंगी, पण बोटीचं नाव घेतलं की आपण स्त्रीलिंगावर येतो. ग्योबेन हे एका प्रशियन सेनापतीचं आडनाव, म्हणून ‘आला’ कुणी लिहीत नाही. जर्मन लोकही स्त्रीलिंगीच वापरतात. नंतरच्या भागात ‘यावुझ’ आलं तरी लिंग बदलू नका. आणि या कथेत आपली माणसंही येतात. २९ ऑक्टोबरला तिनं रशियाच्या सेव्हास्तोपोल बंदरावर मारा केला, त्यावरून उस्मानी साम्राज्य युद्धात ओढलं गेलं, आणि ६ नोव्हेंबरला ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन इराकच्या फाओत उतरू लागली. पुढे इराकमधल्याच कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या याच डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या.

दर्यावर्दी: हे माहीत नव्हतं. शेवटासाठी ‘सेवामुक्त’ की ‘भंगारात’?

कोळसेवाला: दोन्ही, वेगवेगळ्या सालांना. जानेवारी १९१८ मध्ये दार्दानेल्सच्या तोंडाजवळच्या इम्ब्रोस बेटाच्या लढाईत तिची जोडीदार ‘ब्रेस्लाउ’ सुरुंगांवर बुडाली. यावुझही सुरुंगांना धडकून पुढे वाळूत रुतली, पण वाचली. १९३८ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याची शवपेटी इस्तंबूलहून इझमितला तिनंच नेली. १९५० ला ‘सेवामुक्त’, १९५४ ला ‘नौदलाच्या यादीतून कमी’, आणि १९७३ पासून ‘मोडणी’. या तिन्हींना सरसकट ‘निवृत्ती’ म्हटल्यामुळे लेखांतल्या सालांचा घोळ होतो.